कोमट खांब

रावजी खटावकडचा गवंडी. बहारीनला येऊन सोळा वर्सं झाली, ती सगळी मान वर करून छताला नक्षी भरण्यात गेली. पण आता जिप्समचे तयार पत्रे निघाले, आणि हाताच्या गिलाव्याला कुणी विचारंना.

त्याचा मालक शब्बीर, रत्नागिरीचा. बहारीनच्या झिंज भागात त्याचं इंटेरियरचं दुकान. त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं, "जनाबियाचं काम मिळालं तर तुझा व्हिसा रिन्यू करतो. नाय मिळालं तर मी तरी काय करू? तुला शोभेला दुकानात बसवू?"

जनाबियाचं काम म्हंजे तिथल्याच जनाबिया भागातला अहमदसाहेबांचा नवा बंगला. पाहुण्यांच्या बैठकीत आठ खांब. रावजीला ते गिलाव्याचे करायचे होते, साहेबांना पायजे होते संगमरवरी. संगमरवर आला की गवंडी खलास. शब्बीरनं समजावून बघितलं, साहेब ऐकेनात. म्हणाले, मी म्युनिकला खांब बघितलेत, तसलेच पायजेत, चला दाखवतो. शुक्रवार-शनिवारची सुट्टी धरून तिघांची तिकिटं काढली. रावजीचे जर्मनीच्या व्हिसाचे कागदसुद्धा साहेबांच्या ऑफिसानंच केले. त्याला कशाला न्यायचं? तर मापं घ्यायला.

"म्हंजी माझ्याच तिरडीचं माप म्याच घ्यायचं," रावजी विमानात म्हणाला.

"खिडकीतनं ढग बघ गप," शब्बीर म्हणाला.

म्युनिकला एप्रिलातसुद्धा हाडं गोठवणारा गारठा, वर बारीक पाऊस. साहेब हौसेनं मनोरे दाखवत होते, कमानी दाखवत होते. घड्याळाच्या मनोऱ्याखाली माणसं माना वर करून उभी होती, तेव्हा रावजी उकिडवा बसून भिंतीच्या दगडाचे सांधे बघत होता. सांध्यात नख जाईना. "कुणीतरी जीव लावून केलंय," एवढंच बोलला.

मग त्या खांबांच्या चर्चमध्ये गेले. दारात रावजीनं सवयीनं बूट काढले. देवाचं घर, तिथं बुटासकट कसं जायचं? शब्बीर पुढं निघून गेलेला, त्यानं बघितलं तेव्हा हा नुसत्या मोज्यांवर आत आला होता.

"बूट घाल. इथं कोण काढत नाय."

"न काढंनात. त्येंचं त्येंच्यापाशी."

पण खालची फरशी अशी गार, की पोटऱ्यांपर्यंत कळ आली. एक पाय वर घेऊन चोळावा म्हणून त्यानं खांबाला हात टेकवला. लाल-करडा, शिरा-शिरांचा, आरशासारखा खांब. हात टेकवला आणि तसाच ठेवला. मग दुसरा हात. मग गाल.

"लोक इथं फोटो काढतात," शब्बीर दातओठ खात म्हणाला, "तू खांबाशी सोयरीक जुळवतोयस काय?"

"शब्बीरभाई, फरशी गार हाय, आन् ह्यो कोमट. ह्यो दगड न्हाय."

"मग काय आहे?"

"गिलावा."

तोवर तिथली राखणदार म्हातारी हात हलवत आली. साहेबांनी तिची माफी मागितली आणि रावजी काय म्हणतो ते इंग्रजीत सांगितलं. म्हातारीचा राग उतरला. गडी बरोबर बोलतोय, म्हणाली. जिप्सम, रंग आणि सरस कणकेसारखं मळून थापलेलं, घोटून घोटून चकाकी आणलेली. तीनशे वर्सांचं काम. सगळेच फसतात.

तिनं हात लावायची तेवढी परवानगी दिली तेव्हा साहेबांनी एक हात दगडी पायरीवर ठेवला, एक खांबावर. पोट धरून हसले. चार वेळा येऊन गेले होते, हात कधी लावला नव्हता. मग रावजीला हिंदीत विचारलं, "तू बनाएगा?"

रावजीनं खोटं सांगितलं नाही. रंग मळायचं ठाऊक नव्हतं. पण चुन्याचा गिलावा गारगोटीनं घोटून तोंड दिसंस्तवर चकचकीत करायला चुलत्यानं शिकवलं होतं. म्हणाला, "एक करून दावतो. न्हाय जमला तर दगड बसवा."

निघताना त्यानं शब्बीरकरवी म्हातारीला ते खांब घडवणाऱ्या गवंड्याचं नाव विचारलं. कुठल्या कागदावर नाही, म्हणाली.

बहारीनला पहिला खांब फसला, दुसरा तडकला. तिसऱ्यावर साहेबांनी हात फिरवला आणि उरलेले सात सांगून टाकले. व्हिसा दोन वर्सांसाठी रिन्यू झाला.

सर्वपित्री अमावस्येला रावजीनं गावी बायकोला फोन लावला. "मंगला, आज एक पान जादा वाढ."

"कुणाचं?"

"म्युनिकच्या गवंड्याचं. त्येनं माझी दोन वर्सं सोडवली."

"नाव काय घ्यायचं?"

"नाव न्हाय. म्युनिकचा गवंडी म्हण."

"किरिस्तावाला आपली खीर-वडं चालत्याल का वो?"

"गवंडी हाय त्यो," रावजी म्हणाला. "जरा जास्तच वाढ."