कुलूप लावलेली घरं

"मोठ्या घरचंच रगत घ्यायलेत. आपलं पातळ हाय वाटतं."

टँकरच्या रांगेत दोघीतिघी हसल्या. बोलणाऱ्या बाईनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं, तरी वाक्य मलाच होतं. मी टॅबवर मान खाली घालून पुढच्या घराकडे निघाले.

दुष्काळाचं वर्ष होतं. जळकोट तालुक्यातल्या त्या गावात आमचं पथक मूत्रपिंडाच्या आजारांच्या अभ्यासासाठी आलं होतं. देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या, निरनिराळ्या थरांतल्या हजारो माणसांची माहिती आणि रक्ताचे नमुने एकत्र जमवायचे, म्हणजे हा आजार कुणाला आणि का होतो ते शोधता येईल, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. माझं काम प्रश्न विचारून उत्तरं टॅबमध्ये भरण्याचं. नांदेडला इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझी मराठी पुस्तकी होती. मी तोंड उघडलं की बायका एकमेकींकडे पाहायच्या. त्यामुळे नेमून दिलेल्या प्रश्नांपलीकडे मी बोलत नसे.

रक्त सकाळी, उपाशीपोटी, घरी जाऊन घ्यायचं होतं. टँकरही सकाळीच यायचा. त्या वेळी खालच्या वस्तीत दाराला कुलूप आणि सगळं घर रांगेत. आम्हाला दिलेल्या यादीतलं घर बंद असेल, तर दुसरं घ्यायची मुभा होती. उघडी सापडायची ती बोअरवाली घरं. तिथे आमच्यासाठी पंखा लागायचा. उदगीर नवा जिल्हा झाला तर आपली कामं किती जवळ होतील, यावर घरमालक आमच्या पथकप्रमुख सरांशी बोलत बसायचे. नमुने भराभर होत होते.

परतताना तीच बाई रिकामा हंडा पायानं पुढे सरकवत होती. एक हात कमरेवर दाबलेला.

"ताई, तुमच्या तपासनीत मुतखडा कळतो का?"

"मुतखडा नाही. पण मूत्रपिंड नीट काम करतंय का ते कळतं. अहवाल घरी येतो."

"मंग माझं बी घ्या की. लई दुखायलंय. डाक्टर म्हनला, पानी जास्ती पी. मी पिले तर लेकरं काय पितील?"

मी टॅबमधलाच प्रश्न विचारला, "सकाळपासून काही खाल्लंय का?"

"ऐका," तिच्या मागची म्हणाली, "पानी आल्याबगर चूल पेटती का, मॅडम?"

पुन्हा हशा झाला. या वेळी तीही हसली, कंबर धरूनच.

सर जीपपाशी होते. नमुन्यांची बर्फाची पेटी आत ठेवून झाली होती. "या गावाचं झालं," ते म्हणाले. "उद्या पुढचं गाव. इथली माणसं तशी ठणठणीत दिसतात."

मी जीपमध्ये बसले नाही. टॅब छातीशी धरून उभी राहिले. त्यांनी विचारलं, काय झालं. रांगेतल्या बायका आमच्याकडे पाहत होत्या.

"सर," मी म्हणाले, "ज्यांच्या घरात पाणी आहे त्यांचंच रक्त आपण घेतलंय. खालची माणसं गावातच आहेत, या रांगेत. सगळी उपाशी आहेत. उद्या इथेच येऊ आणि टँकरपाशी बसून त्यांचं रक्त घेऊ."