नवाच्या पुढचे दोन इंच

जगात जे जे काही हिरवं होऊन 'सगळं ठीक आहे' असं सांगतं, त्या प्रत्येकावर आमच्या दाजींचा संशय आहे. सिग्नल हिरवा झाला की ते आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे, मग मागे. तोवर सिग्नल पुन्हा लाल होतो आणि दाजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. दाजी म्हणजे माझ्या मामेबहिणीचे यजमान. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघतात, गल्लीच्या टोकापर्यंत चालत जातात आणि चौथ्यांदा ओढायला परत येतात. एकाच हॉटेलात वीस वर्षं मिसळ खातात, पण कट आधी बशीत घेऊन चमचाभर चाखल्याशिवाय पावाला हात लावत नाहीत. "कालचा कट काल चांगला हुता," ते सांगतात. "आजचं कोण सांगावं?" माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्यांनी भटजींना मुहूर्ताचा कागद पुन्हा बघायला लावला. भटजींनी रागारागाने बघितला. मुहूर्ताला अजून चार मिनिटं होती. तेवढा वेळ मी अंतरपाटाकडे बघत उभा होतो आणि सगळ्या मांडवात फक्त दाजींना हायसं वाटत होतं.

असा माणूस घरात सोसणं कठीण. पण उचगावच्या आमच्या पाच माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत दाजींना नेमका याच स्वभावाचा पगार मिळत होता. मी प्रोग्रॅम लिहायचो. तो बरोबर उत्तर देतो का हे तपासायला छोटे छोटे प्रोग्रॅमही मीच लिहायचो. त्यांना टेस्ट म्हणतात. उत्तर जुळलं तर पडद्यावर हिरवी खूण, नाही तर लाल. आणि या टेस्ट तरी धड आहेत का, हे दाजी तपासायचे. हिरव्या खुणांची रांग दाखवली की ते म्हणायचे, "आधी हिला नापास करून दाखवा, पावणं." म्हणजे मी चालत्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम चूक घालायची, टेस्ट लाल झालेली त्यांना दाखवायची, मग चूक काढायची. "जी कधी रडतच न्हाय, ती जित्ती हाय कशावरनं?" एवढं करूनही मंजुरीच्या बटणावरच्या रकान्यात ते 'उत्तम' किंवा 'बरोबर' असं कधी लिहीत नसत. लिहायचे, 'सध्या बरं दिसतंय.'

त्या पावसाळ्यात आम्ही नदीच्या पातळीची एक लायब्ररी तयार करत होतो. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड. बंधाऱ्यावर नोंदलेली पातळी घ्यायची आणि नदीकाठच्या गल्ल्यांमध्ये फोनवर जाईल अशी एक ओळ बनवायची: पाणी किती फूट, किती इंच, चढत आहे की उतरत आहे. त्या शेवटच्या शब्दावर लोक घर सोडायचं की थांबायचं ते ठरवणार होते. त्या लोकांत दाजींची आई होती. अगदी खालच्या गल्लीत, दोन म्हशींसह. म्हशी वर नेल्याशिवाय ती हलायची नाही, आणि तिच्या म्हशींना गर्दीतून वर न्यायला तीन तास लागायचे.

कंपनीच्या मालकांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, सोमवारी लोकार्पण सोहळा ठेवला होता. फेटे सांगून झाले होते. फलक छापून आला होता, त्यात साहेबांचा फोटो नदीपेक्षा रुंद होता. माझ्या चाळीसच्या चाळीस टेस्ट हिरव्या होत्या. राधानगरीकडे पाऊस थांबत नव्हता, नदी रोज वर येत होती, आणि चार दिवस झाले तरी दाजी बटण दाबत नव्हते.

"दाजी, दाबा की आता," साहेब म्हणाले. "सोमवारी पाहुणे येणार आहेत."

"पाणी पण येणार हाय, साहेब. ते फेट्यासाठी थांबत न्हाय."

साहेब गेल्यावर दाजींनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. माझ्या टेस्टमधल्या एका अपेक्षित उत्तरावर बोट ठेवलं. "हे उत्तर कुठनं आणलासा?"

मी घसा साफ केला. "प्रोग्रॅम चालवला. जे आलं ते चिकटवलं."

"म्हंजे पोरानंच पेपर लिवला आणि पोरानंच तपासला."

मग त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. सकाळी स्कूटरवरून बंधाऱ्यावर जाऊन, रेनकोटात उभं राहून त्यांनी तिथल्या वहीतल्या नोंदी उतरवून आणल्या होत्या. तिथली माणसं फूट लिहितात, टिंब देतात, पुढे इंच लिहितात. दाजी एकेक आकडा वाचत गेले, मी घालत गेलो. फूट तेच, आठ इंच: पाणी चढत आहे. नऊ इंच: पाणी चढत आहे. दहा इंच घातले, आणि पडद्यावर आलं, 'पाणी उतरत आहे.'

संगणकाने त्या टिंबाचा अपूर्णांक केला होता; त्याच्या लेखी टिंबापुढचे दहा म्हणजे जेमतेम एक, नवापेक्षा कमी. फुटाचे इंच बारा हे चौथीतलं पोर सांगेल, पण माझ्या चाळीस टेस्टपैकी एकही नवाच्या पुढे गेली नव्हती.

"आईनं म्हशी परत बांधल्या असत्या की ओ," दाजी हळूच म्हणाले.

मी फूट आणि इंच वेगळे केले. दाजींनी दहा आणि अकरा इंचांची स्वतःची एक टेस्ट घातली आणि टेस्टला नाव देतात तसं तिला दिलं, 'आईच्या म्हशी'. आधी लाल करून बघितली, मग हिरवी. मग रकान्यात तेच तीन शब्द लिहिले आणि बटण दाबलं.

सोमवारी रस्त्यावर पाणी आल्याने पाहुणे पोचलेच नाहीत. दुपारी नदीने फुटांच्या पुढचे दहा इंच गाठले. आमच्या फोनवर 'चढत आहे' आलं. दाजींनी तरीही आईला फोन लावला, आणि तिचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू आला. "आला की मेसेज, लेका. म्हशी कवाच निघाल्यात. ठेव फोन, माझ्या हातात दावं हाय."

आई आता नाही. म्हशी विकल्या, आणि दाजी मुलाकडे पुण्याला गेले. 'आईच्या म्हशी' हे नाव कंपनीला शोभत नाही, असं साहेबांनी दोनदा सुचवलं. मी दोनदा विसरलो. दर जूनमध्ये मी प्रोग्रॅम मुद्दाम मोडतो, ती टेस्ट लाल झालेली बघतो, दुरुस्त करतो आणि हिरव्या खुणेचा फोटो दाजींना पाठवतो. उत्तर ठरलेलं असतं. यंदा मीच फोन करून विचारलं, "दाजी, त्या गल्लीत आता आपलं कुणी नाही. तरी बघायचं?"

पलीकडे कुलूप ओढल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा.

"कुणाच्या तरी म्हशी असतीलच की, पावणं," दाजी म्हणाले.