जीपवाल्याचं 'फिट'

बेंबळी-माकणी जीप चालवणाऱ्याच्या तोंडात एकच शब्द असतो. टायर बसवलं, फिट. जागा नसताना आणखी एक बाई कोंबली, "बसा मावशी, फिट!"

माझी आई माकणीत एकटीच राहते. तिला अधूनमधून फिट येते. न सांगता तिच्या दारात डोकावून तोच खुशाली आणतो. परवा चालत्या जीपमधून ओरडला, "ताई, माय फिट!" आणि गेला. मी रडत एसटीनं माकणी गाठली. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्याला जाब विचारला, तर हसला. "मग फिटच म्हणलो की!"

आता जीप दिसली की लाज सोडून भर रस्त्यात ओरडते, "थांबा! फिट आली का फिट हाय?"