अबू यूसुफच्या गाडीच्या कमानी

आमचा वेल्डर परब ग्राइंडर उचलणार, तेवढ्यात अबू यूसुफ खुर्ची घेऊन आले आणि गाडीच्या मागच्या चाकाला टेकून बसले. कापायचं असेल तर आधी मला कापा, म्हणाले.

बहरीनमध्ये, सित्रातल्या एका गॅरेजमध्ये मी सस्पेन्शनची कामं बघतो. गाडी म्हणजे जुनी अमेरिकन मसल कार. लांब बॉनेट, दांडगं इंजिन, दोनच दारं. अबू यूसुफनी ती तरुणपणी घेतलेली. काम मात्र त्यांच्या मुलानं, यूसुफनं आणलं होतं. बाबांच्या कंबरेला धक्के बसतात, गाडी मऊ करून द्या, एवढंच त्याचं म्हणणं.

धक्के बसणारच. या गाडीला मागे ट्रकसारख्या कमानी होत्या, म्हणजे एकावर एक रचलेले लोखंडी पाटे. वजनही त्यांनीच पेलायचं आणि मागचा अ‍ॅक्सल जागेवरही त्यांनीच धरायचा. एकाच माणसाकडे अकाउंट्स आणि एचआर दिलं की काय होतं, ते ऑफिसात काम केलेल्यांना सांगायला नको. आम्ही त्या काढून फोर-लिंक बसवणार होतो. वजनाला कॉइल स्प्रिंग, अ‍ॅक्सल धरायला चार दांडे.

अबू यूसुफना हे मान्य नव्हतं. कमानी ओरिजिनल आहेत, म्हणाले. मग म्हणाले, कंबर दुखतच नाही. हे त्यांनी कंबरेवर हात ठेवून, उठता उठता सांगितलं. बॉसनी मला बाजूला घेतलं.

"एकदा कापली की ती गाडी पहिल्यासारखी होणार नाही. म्हातारा हो म्हणेपर्यंत हात लावू नकोस."

शेवटी यूसुफ आला. वडिलांच्या कपाळाचा मुका घेऊन म्हणाला, हे तुमच्यासाठीच करतोय. आता एवढ्या मायेला नाही कोण म्हणणार? खुर्ची हलली.

परबनं दांडे धरणारे ब्रॅकेट अ‍ॅक्सलवर थांबत थांबत वेल्ड केले. घाई केली तर उष्णतेनं अ‍ॅक्सलची नळी वाकते. सगळं बसवून आम्ही ट्रायलला निघालो. मी चालवत होतो, अबू यूसुफ शेजारी. हायवेवर वेग घेतला आणि पायाखालची फ्लोअर थरथरायला लागली. मी वेग कमी केला. अबू यूसुफ मात्र पहिल्यांदाच खुशीत दिसले. खलास, कमानी परत लावा, म्हणाले.

मी थोडा वेळ मागून घेतला. इंजिनची ताकद मागे नेणारा शाफ्ट आणि अ‍ॅक्सल यांचा कोन जुळत नव्हता. वरच्या दांड्यांना आटे असतात, ते फिरवून कोन बदलता येतो. तो बदलला. पण मागे माणसं बसली की गाडी खाली दबते आणि कोन पुन्हा हलतो. म्हणून मी यूसुफला म्हटलं, मागच्या सीटवर कुणीतरी बसवून बघायला हवं. तो म्हणाला, आईला आणतो.

अबू यूसुफचा चेहरा उतरला. तिला कशाला त्रास, सिमेंटची गोणी ठेवा, असं त्यांनी सुचवलं.

बाईंनी या गाडीत बसणं केव्हाच सोडलं होतं. पुढची सीट वाकवून, कुरकुरत त्या मागे शिरल्या. या खेपेला अबू यूसुफ चालवत होते. हमद टाउनचे राउंडअबाउट झाले, स्पीड ब्रेकर झाले, हायवे झाला. थरथर नव्हती. मी मागे वळून पाहिलं तर बाई थर्मासमधून चहा ओतून घेत होत्या. एक थेंब सांडला नाही. अबू यूसुफ घरापर्यंत गप्प होते. भरून आलं असेल, अशी मी समजूत करून घेतली.

काही आठवड्यांनी गाडी चेकिंगला आली. पुढे बाई, मागे त्यांच्या दोन बहिणी. तिघींना सूकमध्ये, म्हणजे बाजारात जायचं होतं. अबू यूसुफ उतरून माझ्याजवळ आले. हिंदी त्यांना कामापुरती येते.

"पहले इस गाडी में कोई नहीं बैठता था," ते हळूच म्हणाले. "शाम को मैं अकेला, समंदर तक. कोई बात नहीं करता था. अब रोज ये तीनों."

सॉरी म्हणावं, तर काम उत्तम झालं होतं. तेवढ्यात गाडीतून "यल्ला", म्हणजे चला आता, असं ऐकू आलं. अबू यूसुफ मान डोलावत परतले आणि अदबीनं दार लावून निघाले.

गाडीत दोष काय आहे, हे आता मी कुणालाही विचारतो. तो दूर करायचा का, हे मात्र चालवणाऱ्याला एकट्याला गाठूनच विचारतो.