बॉनेटवरचं हळदीकुंकू

दलाल बापूने मला फसवलं. तीन एकरांसाठी जुना ट्रॅक्टर बघायला गेलो, तर बॉनेटवर ताजं हळदीकुंकू आणि झेंडूचा हार. इंजिन आधीच तापवून ठेवलंय का, हे बॉनेटला हात लावून बघायचं असतं. मी हात जोडले.

"दादा, एका सेल्फला चालू होतो," बापू म्हणाला. झालाही.

आता रोज सकाळी चौघांनी ढकलावा लागतो. पण एकदा चालू झाला की काळ्या रानात असा नांगर ओढतो, की बघत राहावं. माझ्यासारख्या घासाघीस करणाऱ्याचा हात नेमका कुठे थांबेल, हे ओळखणाऱ्या बापूचंही कौतुकच वाटतं.

पण बापू, यात देवाला का ओढलंस? याचं उत्तर तुला द्यावंच लागेल.