आप्पांचं काय काय गेलं

कुणी आजारी आहे असं कानावर आलं की आप्पांचं मागावर लक्ष लागत नसे. माग बंद करायचे, चौकातून एक शहाळं आणि बिस्किटाचा पुडा घ्यायचे आणि दवाखाना गाठायचे. तिथं गेल्यावर ते आपल्या माणसाच्या खाटेकडं सरळ जात नसत. वॉर्डाच्या दारापासून सुरुवात करत. ओळख असो वा नसो, प्रत्येक खाटेपाशी उभं राहून "काय न्हाय हुईत, जेवा नीट" असं सांगत सांगत शेवटी आपल्या माणसापाशी पोचत. एकदा नर्सनं विचारलं, तुमचा पेशंट कोणता? आप्पा म्हणाले, "हे समदेच." वडगावात त्यांना दवाखाना-आप्पा म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे.

आप्पा आमच्या शेजारचे. काकू गेल्यापासून एकटेच, मूलबाळ नाही. साड्या विणायचे. आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली, घरातलीच काय, गल्लीतलीही पहिली. हे मी अजून सांगते आणि सांगणारच. त्यामुळं गल्लीतलं सगळं इंग्रजी माझ्या दारात येतं: विम्याचे कागद, बँकेचे मेसेज, औषधावरच्या चिठ्ठ्या. आप्पा तर साध्या पाकिटावरचा पत्तासुद्धा माझ्याकडून वाचून घ्यायचे. "शिकलीयास न्हवं? मग वाच की."

आरोग्य कार्ड विकणाऱ्या एका कंपनीनं आमच्या मंगल कार्यालयात शिबिर भरवलं, तेव्हा आप्पा पहिल्या रांगेत. आधार, फोटो, रक्तगट, आजार, सगळं दिलं. अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, असं त्या मुलीनं विचारलं. एका माणसाची जागा होती. आप्पा म्हणाले, "एकाला कळवायचं आन् दुसऱ्याला न्हाय, असं कसं? मान्सं रुसत्यात." ती बिचारी म्हणाली, मग फोनमधले सगळेच नंबर घेऊ का? आप्पांनी फोन तिच्या हातात दिला. "घे की. समदी घरचीच हायत."

वर्षभरानं कंपनीचा इंग्रजी मेसेज आला. मी वाचून सांगितलं, कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी शिरलंय, काही ग्राहकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, त्यांना खेद वाटतो. मी आप्पांचा बँकेचा पिन बदलून घेतला, आधारवरचे बोटांचे ठसे लॉक केले, त्यांच्या नावावर दुसरं कुणाचं सिम निघालंय का तेही बघितलं. आप्पांचं माझ्या कामाकडं लक्षच नव्हतं. त्यांना राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. "माझी शेळी कुणाच्या परसात शिरली तर मी मेसेज धाडतोय व्हय गं? जातोय, उभा ऱ्हातोय, चुकलं म्हणतोय. ह्यांनी घरला येऊन सांगाय नको?"

मी जेवायला घरात गेले, तेवढ्यात ते देवळात गेले. आमच्याकडं काही हरवलं की देवळाच्या लाउडस्पीकरवरून सांगतात. म्हैस असो, मंगळसूत्र असो, एटीएम कार्ड असो, सापडतं. आप्पांनी माईक घेतला आणि माझी माहिती चोरीला गेलीय, खूण सांगतो, म्हणून सुरुवात केली. मी हातातला घास टाकून पळाले. मी पोचेपर्यंत नाव, जन्मसाल, आधारचे पहिले चार आकडे आणि मूळव्याध एवढं सांगून झालं होतं. चोरांनी चोरलेली माहिती कितपत वाचली असेल माहीत नाही. गल्लीनं मात्र नीट ऐकलं. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून मूळव्याधीवर म्हणून सुरणाची भाजी आली.

पुढच्या रविवारी सकाळी खरा प्रकार झाला. आप्पांचा फोटो लावलेल्या परक्या नंबरावरून त्यांच्या सगळ्या माणसांना मेसेज गेला: मी आयसीयूत आहे, बोलता येत नाही, तातडीनं या नंबरवर पैसे पाठवा. हे लिहिणारा माणूस आमच्या भागातला नसावा. आमच्याकडं आजारी माणसाला पैसे पाठवत नाहीत, बघायला जातात. आणि ज्या आप्पांनी जन्मभर दुसऱ्यांच्या खाटा हिंडल्या, त्यांना बघायला कोण येणार नाही? कडोलीहून टेम्पो भरून माणसं आली. अनगोळचे पाहुणे आले, मच्छेच्या कारखान्यातून पाळी सोडून दोघे आले. मेसेजमध्ये दवाखान्याचं नाव नव्हतं, म्हणून सगळे घरी. प्रत्येकाच्या हातात शहाळं.

आप्पा तेव्हा मिरची-भाकरी खात होते. अंगणातली गर्दी बघून त्यांनी ताट बाजूला सारलं आणि मला आत बोलावलं.

"हांतरूण घाल."

"कशाला आप्पा? बरे आहात की तुम्ही."

"लई लांबनं आल्यात गं. मी असा धडधाकट बसलो तर बरं दिसतंय व्हय?"

आणि ते चक्क पांघरूण घेऊन झोपले. मी दारात उभी राहून मेसेज खोटा आहे, फसवणूक आहे असं सांगत होते. माणसं माना हलवत होती आणि आत जाऊन आप्पांचा हात धरत होती. कडोलीची एक मावशी म्हणाली, "न्हाय न्हाय, खंगलायसा." एक पाहुणा बाहेर येऊन जरा नाराजीनं म्हणाला, "आयसीयूवाला वाटत न्हाय हो." प्रत्येकाचं शहाळं प्यायलाच हवं, म्हणून दुपारी आप्पांचं पोट खरंच बिघडलं.

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. खानापूरकडच्या खेड्यातून त्यांची थोरली बहीण, आक्का. गुडघ्यांमुळं तिला घराबाहेर पडता येत नव्हतं. सगळ्यांत तीच एकटी बघायला येऊ शकली नव्हती. तिनं विचारलं, "आप्पा, पैसं पोचलं का रं?"

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले सगळे पैसे तिनं शेजाऱ्याकडून पाठवले होते. आप्पा पांघरूण फेकून उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडावरचा तो रंग मी काकू गेल्या त्या दिवशी बघितला होता.

अशा वेळी तास महत्त्वाचे असतात, एवढं मला ठाऊक होतं. आक्काकडून सगळं विचारून मी आधी सायबर हेल्पलाइनला लावलं, मग तिच्या बँकेला. पैसे कुठल्या खात्यात गेले, किती वाजता गेले ते सांगितलं, तक्रारीचा नंबर उतरवून घेतला. आलेल्या मेसेजचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलमधून गोळा केले. मग पोलीस ठाण्यात निघालो, तर कडोलीचा टेम्पोही निघाला. एकट्या आप्पांना कसं सोडायचं? ठाण्यातल्या साहेबांनी एवढी माणसं आणि हातातली शहाळी बघून विचारलं, पेशंट कोण? आप्पा म्हणाले, "मी." साहेबांनी त्यांना नीट बघितलं आणि कानडीत "नाळे बर्री" म्हणाले, म्हणजे उद्या या. टेम्पोतलं कुणीच हललं नाही. कडोलीच्या मावशीनं साहेबांपुढं एक शहाळं ठेवलं आणि त्यांच्या समोरच बसली. तक्रार त्याच दिवशी लिहून घेतली गेली, पोचसुद्धा मिळाली.

काही दिवसांनी कळलं, पैसे पुढच्या खात्यात अडवलेत, पण परत मिळायला कोर्टाचा आदेश लागेल. आक्का मात्र फोन उचलेनाशी झाली. आप्पांचाही. शेजाऱ्याकडून तिचा निरोप आला, "त्याचा फोटू बघून दिलं. आता बोलतोय त्यो तरी त्योच कशावरनं?" मग आप्पा दर आठवड्याला बसनं जायचे, तिच्यासमोर तासभर बसायचे आणि परत यायचे. बोलणं फार होत नसे. "तोंड दाखवून आलो," एवढंच सांगायचे.

इकडं मी कंपनीला लिहिलं. माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्याकडं झालाय. त्यातलं सगळं अजून पुरतं लागू व्हायचंय, पण काय गेलं ते विचारायचा, आपली माहिती पुसून मागायचा, गाऱ्हाणं घालायचा हक्क त्यात आहे. मी तिन्ही गोष्टी मागितल्या. आप्पांनी चौथी घालायला लावली: घरी येऊन आक्काला चुकलं म्हणा. उत्तर आलं, ओळख पटवण्यासाठी आधार, फोटो, फोन नंबर आणि जन्मतारीख पाठवा. आप्पा म्हणाले, "चोरानं तरी एवढं मागितलं न्हवतं."

मग आम्ही कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात जायला लागलो. तिथला मॅनेजर दर वेळी वरिष्ठांना कळवतो म्हणायचा. एकदा गेलो तर तो तापानं रजेवर. आप्पांनी पत्ता काढला आणि शहाळं घेऊन त्याच्या घरी गेले. मी चिडले. आप्पा म्हणाले, "भांडाण कंपनीशी हाय. त्याला एकशेदोन ताप हाय." तापातून उठल्यावर त्या मॅनेजरनं काय गेलं त्याची यादी तेवढी मिळवून दिली. मी वाचली: नाव, वय, फोटो, रक्तगट, मूळव्याध, सगळ्या माणसांचे नंबर. आप्पा म्हणाले, "एवढंच व्हय?" जरा हिरमुसलेच.

कोर्टाचा आदेश झाला आणि आक्काचे पैसे परत आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या दिवसांत आप्पांनी अख्खा वॉर्ड हिंडून काढला.

पुढं थोड्याच महिन्यांत, एका सकाळी माग सुरू करता करता आप्पा खाली बसले ते उठले नाहीत. दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही. आक्काला सांगायला मी बसनं गेले, फोन केलाच नाही. ती स्वतःच्या पायांनी चालत आमच्या गल्लीत आली.

बाराव्यानंतर आम्ही दोघी त्यांच्या घरात आवरत होतो, तेव्हा माझ्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला. तक्रारीत मी माझा नंबर दिला होता. लिहिलं होतं, आपल्या विनंतीनुसार या ग्राहकाची संपूर्ण माहिती आमच्याकडून कायमची पुसण्यात आली आहे. खाली पाच चांदण्या होत्या. आमची सेवा कशी वाटली?

मी आक्काला वाचून दाखवलं. ती हातातल्या धोतराची घडी घालत राहिली.

"चुकलं म्हणाय येनार, असं काय लिवलंय का?"

"नाही आक्का."

"मग एकच चांदणी दाब. आन् खाली लिव, म्या अजून हिथंच हाय. चहा ठेवते. या म्हणावं."

मी लिहिलं, आणि तिचा पत्ता दिला नाही. पत्ता आता समोर बसून विचारेल त्यालाच द्यायचा, असं आमचं ठरलंय.