गुडघ्याचा गेटपास

गेल्या डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे सव्वाअकरा. नायलॉनची दोरी चौदा फूट, किंमत पंचावन्न रुपये. हजर: मी, माझी बायको सुनंदा, एक स्टूल आणि एक ओली सोलापुरी चादर. पुढच्या मिनिटाला यांतली फक्त सुनंदा उभी होती.

मी चाकणच्या एका कारखान्यात दुचाकीच्या ब्रेकच्या तारा तपासतो. बावीस वर्षं. रोज कितीतरी किलोमीटर वळलेली तार माझ्या हाताखालून जाते, आणि पिंपळे गुरवच्या आमच्या गॅलरीत कपडे वाळतात ते नायलॉनच्या दोरीवर! अकरा वर्षं सुनंदाचं एकच मागणं.

"अहो, वीस फूट तार आणा की. एवढी भंगारात जाते."

"भंगार कंपनीचं असतं."

"आणि कपडे कुणाचे असतात?"

पण मी कंपनीची टाचणीसुद्धा घरी आणलेली नाही. (एकदा पेन आलं होतं खिशातून. दुसऱ्या दिवशी नोंद करून परत दिलं.) गेटवर प्रत्येकाला बीप करणाऱ्या यंत्राने तपासावं, गेटपासशिवाय धातूचा तुकडा बाहेर जाऊ नये, ही सूचना माझीच. तिच्याबद्दल मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि सगळी सेकंड शिफ्ट पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. चालायचं. यंत्र माझ्यावर कधी वाजलं नाही, एवढी एकच कमाई मी बाळगून होतो.

तर त्या रविवारी सुनंदा म्हणाली, "ही दोरी आता तुटणार."

"काही झालेलं नाही दोरीला. पुरावा देतो."

स्टुलावर चढलो, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि पाय उचलले. (कारखान्यात याला ताणपरीक्षा म्हणतात. तिथे स्वतः लटकत नाहीत.) मी चौऱ्याहत्तर किलो, चादर ओली साडेचार. साडेअठ्ठ्याहत्तर किलोला दोरी नापास झाली! तिच्याबरोबर माझ्या उजव्या गुडघ्याची वाटीही. दोन तुकडे, जवळजवळ समान.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "काका, दोन्ही तुकडे जुळवून तारेने आवळून टाकू. वळलेली बारीक तार असते, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवतो."

मी खाटेवर उठून बसलो. "किती तारा वळलेल्या?"

"एकोणपन्नास."

"तुटते किती किलोला?"

"काका, गुडघा आहे. क्रेन नाही."

"डॉक्टर, यांना तारेचं काही सांगू नका," सुनंदा म्हणाली, "लटकून बघतील."

कमरेखाली भूल दिली आणि वर थोडी गुंगी. पायाकडून करकर, करकर असा काहीतरी आवळल्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजाबरोबर मी हलका होत चाललो. मी चाकणच्या गेटमधून बाहेर पडत होतो आणि शर्टाखाली पोटाला तार गुंडाळलेली. यंत्र वाजलं नाही. मी चालत राहिलो, तार उलगडत राहिली. इंद्रायणीवरून, भोसरीच्या पुलावरून, पवनेच्या संथ पाण्यावरून, थेट आमच्या गॅलरीपर्यंत. पाऊल कुठे टेकतच नव्हतं. मागे वळून पाहिलं तर अख्ख्या शहराचे कपडे त्या एका तारेवर वाळत होते. निळे युनिफॉर्म बाह्या पसरून, शिफ्टला निघाल्यासारखे, हळूहळू झुलत होते. आणि चप्पल हातात घेऊन, तोंडात दोन चिमटे धरून, सुनंदा तारेवरून चालत येत होती. म्हणाली, "बघा, जमलं की नाही?" (तोंडात चिमटे असून स्वच्छ ऐकू आलं.) इतकं सुख मला घड्याळ मिळालं तेव्हाही झालं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर हसत हसत आले. "काका, तुम्ही तर टेबलावर सगळं कबूल केलंत! 'मी कंपनीची तार चोरली, चाळीस किलोमीटर!'"

मी आधी दाराकडे पाहिलं, कंपनीचं कुणी उभं नाही ना. सुनंदाला त्यांनी हे दुपारीच सांगितलं होतं; मग ती घरी जाऊन डबा घेऊन आली होती. डॉक्टर जाईपर्यंत थांबली, मग कानाशी वाकली.

"कुठे ठेवलीत?"

"काय?"

"तार! माळ्यावर नाही, मी आत्ता बघून आले."

"अगं, स्वप्न होतं ते!"

"गुंगीत माणूस खोटं बोलत नाही. चाळीस किलोमीटर तार, आणि मला वीस फूट नाही? कुणाच्या गॅलरीत बांधलीत?"

पुढचे दोन महिने मी गॅलरीत पाय लांब करून पडून होतो. वर दोन रिकामे हूक, मध्ये ऊन. कपडे खुर्च्यांच्या पाठींवर वाळत. डोळा लागला की ती तार पुन्हा तरंगत यायची, आणि जाग आल्यावर मी खरोखर आठवू लागायचो, की कुठे ठेवली असेल!

कामावर गेलो त्या पहिल्या दिवशी, सुटताना, गेटवर पहाऱ्याला बबनराव होते. चाकणजवळच्याच गावचे, मोठे इमानी गृहस्थ. यंत्र खिशावरून फिरवलं. शांत. गुडघ्यापाशी आलं आणि बीप!

"सायेब, काय हाय आत?"

मागे सगळी शिफ्ट रांगेत उभी होती. खोटं कसं बोलणार?

"तार आहे."

"तार?"

"वळलेली. गुडघ्यात."

"राव, पार हाडात लपवली!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी पँट वर करून व्रण दाखवला. "माझी आहे, बबनराव. हॉस्पिटलचं बिल आहे घरी."

"बिल आसंल. पर सकाळी आत आनल्याची नोंद हाय का? न्हाई. नोंदीबिगर आतला माल कंपनीचा. तुमीच लिवलंय न्हवं?"

लिहिलं होतं. नियम सहावा. म्हणजे माझा गुडघा त्या क्षणी कंपनीच्या मालकीचा होता!

शेवटी गेटपास केला. वर्णन: वळलेली तार, एक नग, गुडघ्यासह. मंजुरी: तपासणी विभाग, म्हणजे मीच.

"परत येनारा माल, का न येनारा?" बबनरावांनी पेन उचललं. "उद्या येनार न्हवं?"

"येणार."

"मंग परत येनारा."

सेकंड शिफ्टने टाळ्या वाजवल्या. एकाने बसायला खुर्चीसुद्धा आणली.

घरी सांगितलं तर सुनंदा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे आणलीत की हो शेवटी! अकरा वर्षांनी, दीड वीत, आणि तीही अशा जागी की चिमटा लावता येत नाही!"

त्याच आठवड्यातल्या रविवारी काळेवाडीच्या हार्डवेअरवाल्याला दोनशे चाळीस रुपये देऊन वीस फूट स्टीलची तार आणली. बांधायला माणूस बोलावला. मला स्टुलावर बंदी आहे. तार बसली, चादर चढली, वाऱ्यावर हलू लागली. मी तिच्याकडे बघत राहिलो. उरलेला वीतभर तुकडा त्या माणसाने न विचारता खिशात घातला. मी तोंड उघडलं. सुनंदाने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

मजुरीचे दीडशे रुपये त्याच्या हातात ठेवले. पावती मागितली नाही. (मागितली. पण तो दोन मजले खाली गेल्यावर.)